पानथरीची शर्त

माझ्या मोठ्या बाबांनी मला फसवलं. घरच्या माणसांसमोर शर्त ठरली होती. मी माझी बाजू पुरी केली आणि त्यांनी त्यांची मोडली. ते आमच्या गावचे मालीपटेल होते, सरकारसाठी सारा वसूल करणारे, आणि गावात त्यांच्या तोंडचा शब्द शिक्का मारल्यासारखा मानला जायचा. तोच शब्द त्यांनी घरातल्या एका आजारी पोरीला दिला आणि ती बरी झाल्याबरोबर परत घेतला. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे मी भाकरी, भाजी, अंघोळ, झोप असल्या गोष्टींबद्दल पुष्कळ लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी आठवणींत रमली. मी रमलेली नाही. इतकी वर्षं गेली तरी या गोष्टीवर माझं डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्यानंच मी हे लिहिते आहे.

आमचं गाव आदिलाबादकडच्या तामसीच्या बाजूचं, काळ्या मातीचं, कापूस आणि ज्वारी पिकवणारं. माझे वडील मोठ्या बाबांचे धाकटे भाऊ. मी लहान असतानाच ते तापात गेले, आणि त्यानंतर माझी माय त्या घरात चुलीपुरती उरली. पुढच्या ओसरीवर मोठ्या बाबांची बैठक असायची. तिथे दिवसभर तहसिलीचं उर्दू चालायचं: मुद्दत, दरख्वास्त, मंजूर, नामंजूर. निजामाचं राज्य आम्ही पोरींनी पाहिलं ते असं, कानांनी. मागे जात्याची घरघर, उखळात मुसळाचा ठोका, आणि मोठ्या बाबांची बायको म्हणजे आमची मोठी माय, तिचा आवाज. तो या दोन्हींच्या वरचा. जेवणही दोन तऱ्हेचं होतं. ओसरीवर निर्मळकडून आणलेला पांढराशुभ्र तांदूळ, तूप, आणि घरात नव्यानंच शिरलेला गुळाचा गोड चहा. मागे आम्हाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी. भाकरी गड्यांनी आणि बायकांनी खायची, असं मोठ्या बाबांचं ठाम मत होतं. शेतावरसुद्धा ते दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, बसून जायचे. पायी चालणारा पटेल कुठं पाहिला का, असं विचारायचे, आणि ओसरीच्या पायऱ्या चढून आले की बराच वेळ तोंडानं श्वास घेत बसायचे.

मला ताप लागला तो भादव्यात. एक दिवस सोडून यायचा. थंडी वाजायला लागली की घरातल्या सगळ्या गोधड्या कमी पडायच्या, मग अंग भाजून निघायचं, मग घामानं अंथरूण ओलं. आदल्या पावसाळ्यातही तो येऊन गेला होता, पण या खेपेला त्यानं मुक्काम केला आणि माझ्या डाव्या बरगडीखालचं पोट टणक झालं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, असं सगळे म्हणाले. आमच्या भागात पावसाळा सरता सरता कितीतरी पोरांची पोटं तशीच असायची, तरी माझ्या पोटाचा गावाला भारी सोस. येणारी प्रत्येक बाई टरबूज घ्यायला आल्यासारखी बोटं दाबून बघायची आणि म्हणायची, "दगड हाय माय, दगड!" मला घराच्या मागच्या अंगाला, बाळंतिणीच्या खोलीत टाकलं. तिला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे गोठा, आणि दाराशी मोरीचं पाणी साचलेलं. तिन्हीसांजेला मच्छर असे उठायचे की बोलताना तोंडात जायचे. अंघोळ बंद, केस विंचरणं बंद, मीठ बंद, आणि भाकरी जड म्हणून तिचं नावच काढायचं नाही. दिवसभर तांदळाची पेज आणि तो गोड चहा. याला पथ्य म्हणायचे. उठून दारापर्यंत गेले की मोठी माय ओरडायची, "निज, निज! चालशीन त पानथरी फुटन." मी निजून निजून इतकी थकले होते की कूस बदलायची तर मायला हाक मारावी लागे.

मायनं कुणाला तरी गळ घालून आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यातून हिवतापाच्या कडू गोळ्या आणवल्या होत्या. मोठ्या मायनं त्या पुडीसकट शेणात टाकल्या. "कुवाऱ्या पोरीले असल्या गरम गोळ्या देते का कोनी? कूस जयून जाईन तिची." अंगात लाह्या फुटतील असा ताप होता तो गरम नव्हता, गोळ्या तेवढ्या गरम होत्या.

मग एका दुपारी माय पेज घेऊन आली आणि भांडं खाली ठेवून नुसतीच बसली.

"काय झालं वं माय?"

"तुले डाग देनार हायेत. उद्या सकाई."

डाग म्हणजे विळा चुलीत लाल करायचा आणि फुगलेल्या पानथरीवर टेकवायचा. गावातल्या बऱ्याच पोरांच्या पोटांवर ती खूण होती. काही पोरं त्या जखमा चिघळून गेली, पण ती पानथरीनं गेली असंच सांगितलं जायचं.

"आन डाग भरला का लगीन," माय म्हणाली. "गिरदावर साहेबासंग."

गिरदावर म्हणजे गावोगाव दौरे करून शेतं आणि पिकं तपासणारा अधिकारी. तो आमच्या ओसरीवर उतरायचा, म्हणून मी त्याला पाहिला होता. बायको वारलेली, पोरं माझ्या वयाची, आणि तो स्वतः माझ्या वडिलांपेक्षा मोठा. मोठे बाबा सगळ्यांना सांगत होते की रोगी पोरीला दुसरं कोण करून घेईल, साहेबांनी उपकारच केले. उपकार कोणावर होणार होते ते मला त्याही वयात कळत होतं. मोठ्या बाबांनी गावचं गायरान हळूहळू आपल्या वावरात ओढून घेतलं होतं. गिरदावर घरचा जावई झाला की ते गायरान कोण मोजणार?

दुसऱ्या दिवशी डाग देणारा माणूस आला. विळा चुलीत गेला. माय माझ्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती. मी गोधडी अंगाभोवती गुंडाळली, तिला हातानं बाजूला केलं आणि भिंत धरत धरत ओसरीवर गेले. तिथे मोठे बाबा तक्क्याला टेकून बसले होते. शेजारी त्यांचा थोरला मुलगा मुरलीधर. त्याला आम्ही मुरलीदादा म्हणायचो. नुकतीच मिशी फुटली होती आणि तो बापाच्या हाताखाली पटेलकी शिकत होता. माझ्यामागून मोठी माय धावत आली, तिच्यामागून माय.

"हे पोट्टी भाईर काऊन आली?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"मोठेबाबा, माह्यी एक दरख्वास्त हाय."

मुरलीदादा हसला. "आयका बाबा! आता घरातच तहसील निंगाली."

मोठ्या बाबांनाही गंमत वाटली. दरख्वास्त ऐकायची त्यांना सवयच होती. "बोल," ते म्हणाले.

"मले मुद्दत पायजे. कापूस घरात येयपर्यंत. तवर काय खायाचं, कुठं निजायाचं, दिवसभर काय कराचं, ते मी ठरवीन. कोनी आडवं यायाचं नाई. कापूस आला का माह्यं पोट पाहा. ताप असन, पानथरी असन, त डाग द्या आन म्हनसान तिथं धाडा, मी तोंड उघडनार नाई. नसन, त डाग नाई आन गिरदावर बी नाई."

"इळा लाल झाला, पटील," डाग देणारा चुलीकडून म्हणाला.

"थांब ना बाप्पा," मोठे बाबा म्हणाले. ते आता सौद्यात उतरले होते. "घरात बसून भाकरी खाशीन आन बरी झाली म्हनशीन, ते नाई चालत. वेचनीले जा लागन. बायांसंग, पायी. कबूल?"

हे मला हवंच होतं. त्या खोलीतून बाहेर पडायला मी शेतापर्यंत रांगतसुद्धा गेले असते. पण आठवडी बाजारात भाजीवाल्या बायांकडे बघून एक गोष्ट मी शिकले होते: हवी ती वस्तू समोर आली की चेहरा पाडायचा. मी चेहरा पाडला. "मोठेबाबा, एवढं दूर मी कशी चालीन?"

"ते तू पाय."

मी जरा वेळ लावला, मायकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि होकाराची मान हलवली.

"शर्त मंजूर!" मोठे बाबा म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. ते का हसत होते ते मला कळलं होतं. कापूस येईपर्यंत मी जगणारच नाही, असं त्यांना वाटत होतं. विळा चुलीतून निघाला. पुढे आयुष्यभर इचोड्याच्या बाजारात मी नामांकित व्यापाऱ्यांना घाम फोडला, पण त्या सकाळी गोधडीत गुंडाळून जो सौदा केला तसा पुन्हा जमला नाही.

आता बरं कसं व्हायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी एवढंच ठरवलं की त्या खोलीत जे जे करायला लावत होते त्याच्या उलट करायचं. खोली अंधारी, म्हणून मी सकाळी उन्हात जाऊन बसले. पेज पातळ, म्हणून भाकरी मागितली. पहिल्या दिवशी चतकोरच गेली, तीही वरणात कुस्करून. निजायला घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, गेले, कारण तिथे वारा होता आणि मच्छर कमी. मोठ्या मायनं कुवारी पोरगी धाब्यावर निजते म्हणून कपाळ बडवलं, तेव्हा माय आपलं अंथरूण घेऊन माझ्याशेजारी आली. तिन्हीसांजेला आम्ही मडक्यात कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवायचो. हिवताप मच्छरानं होतो हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला फक्त त्यांचा राग होता, आणि माझ्या रागानं मला बरेचदा बरोबर वाटेला लावलं आहे. मोरीच्या पाण्याला मी खराट्याच्या दांड्यानं चर पाडून वाट करून दिली. रोज अंघोळ करायची, अंघोळीआधी माय तेल लावून द्यायची. चहा बंद केला. मोठी माय मुद्दाम कप पुढं करायची, "घे ना, गोड हाय," आणि मी तो तिच्यादेखत गाईच्या घमेल्यात ओतायची. एकदा तिनं हात उगारला तेव्हा मी ओसरीच्या दिशेनं ओरडले, "मोठेबाबा, शर्त मोडून राह्यली मोठी माय!" त्यांनीच तिला दटावलं. तोवर त्यांना त्यांच्या शब्दाची लाज होती, हे मी कबूल करते. आणि मायनं पुन्हा आणवलेल्या कडू गोळ्या मी लपवून न घेता, अंगणाच्या मधोमध उभी राहून, तोंड वाकडं करत गिळायची.

पहिले काही दिवस वाईट गेले. शेताच्या वाटेवर मी दर बांधाला बसायची. वेचणीच्या बाया हसायच्या, "पटलाची पोरगी कापूस वेचते का बांध मोजते वं?" दिवाळीच्या तोंडावर ताप पुन्हा आला, हाडं वाजवणारी थंडी घेऊन. मुरलीदादा अंगणात येऊन म्हणाला, "बोलवू का इळावाल्याले?" मी गोधडीतूनच म्हटलं, "कापूस आला का घरात? नाई ना? मंग जाय." घाम सुटला, ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी मी वाटेला लागले. रडत गेले, पण गेले. कंबरेला ओटी बांधून बोंडं वेचायची, दुपारी बाभळीखाली बसून भाकरी, ठेचा, कांदा, आणि हंगाम आला तशी ओल्या तुरीची उसळ. भूक लागणं म्हणजे काय हे मी विसरले होते. आता भाकरीचा वास बायांच्या फडक्यांतून यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. घोटभर पाणी पिऊन बांधावर बसणारी मी, सूर्य डोक्यावर यायच्या आत ओळ संपवायला लागले. केस गळायचे थांबले. ओठांना रंग आला. थंडीच्या एका सकाळी मोठे बाबा दमणीतून शेताकडे निघाले होते, मी पायी; नाल्यापाशी बैल अडले आणि मी त्यांच्याआधी वावरात पोचले. ते उतरले तेव्हा मी उभीच होते. ते धापा टाकत होते, मी नव्हते. त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मला तेव्हा वाटलं, त्यांना कौतुक वाटलं.

माझ्या सुनेला डॉक्टरनं सांगितलंय, रोज चाला, पालेभाजी खा, साखर कमी करा, वेळेवर झोपा. ती पांढरे बूट घालून कॉलनीत गोल गोल चालते आणि ज्वारीच्या भाकरीचं कौतुक मलाच ऐकवते. तिचं चुकीचं नाही. फक्त तिला त्यासाठी कुणाशी भांडावं लागलेलं नाही, आणि हातापायांवर, पोटावर आपला हक्क आहे हे कुणाला पटवून द्यावं लागलेलं नाही. मला लागलं. म्हणून मला माझी तब्येत देवानं दिली असं कुणी म्हटलेलं खपत नाही. ती मी कमावली आहे. तीळतीळ, घासाघासानं, आणि भर घरात एकट्या मायच्या साथीनं.

कापूस घरात आला. माजघर छतापर्यंत भरलं. मी ओसरीवर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मोठेबाबा, मुद्दत संपली. पाहा." मोठ्या मायनं पोट दाबलं. एकदा दाबलं, सरकून दाबलं, बरगडीच्या खाली बोटं रुतवली. शेवटी म्हणाली, "नाई बाप्पा. मऊ हाय." माय पदर तोंडात धरून रडायला लागली. मोठे बाबा फक्त "बरं" म्हणाले आणि मुरलीदादाला दुसऱ्याच कामाचं काही विचारू लागले. शर्त जिंकल्यावर माणूस जरा आरडाओरडा करतो, तेवढाही मी केला नाही. मला वाटलं, शब्द म्हणजे शब्द.

फाल्गुनात एक दिवस ओसरीवर पाहुणे आले. गिरदावराची थोरली बहीण आणि तिचा नवरा. मला सांगितलं होतं, गायरानाच्या कामानं आलेत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड पोचले आणि थांबले. मुरलीदादा तक्क्याशी बसला होता. मोठे बाबा आणि तो पाहुणा समोरासमोर बसले होते, दोघांचे उजवे हात एकमेकांत, आणि हातांवर उपरणं टाकलेलं. बैलबाजारात असाच सौदा होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. उपरणं हलत होतं. मोठे बाबा मान हलवत होते, नाही, नाही, मग परत बोटं. त्या दिवशी आमच्या घरी विकाऊ बैल नव्हता.

उभ्या जागी मला सगळं कळलं. भादव्यात मी रोगी होते, तेव्हा मोठ्या बाबांना फार मागता येत नव्हतं. आता मी धडधाकट होते. मी जी तब्येत सुटण्यासाठी कमावली, तिचा त्यांनी भाव वाढवून घेतला होता.

माय मागून आली. तिनंही पाहिलं होतं. तिनं माझा दंड धरला आणि कानाशी कुजबुजली, "खोक. भाईर जाऊन खोक वं, शेवंते. पोट धर. रोगी हाय म्हनून उठून जातीन."

मायची युक्ती चांगली होती. चालली असती. पण मी ती केली नाही, आणि त्याबद्दल मला आजही पस्तावा नाही. त्या एका खोकल्यानं मी पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले असते, आणि या वेळी स्वतःच्या पायांनी. इतकं करून मिळवलेलं शरीर मी खोटं कशाला पाडू? खोटं दुसऱ्याचं होतं.

मी बाहेर गेले. गिरदावराची बहीण आडव्या अंगाची, नाकात भली मोठी नथ. तिनं मला चालायला लावलं, वळायला लावलं, हात उलटसुलट करून पाहिला. मग ती मोठ्या बाबांना म्हणाली, "पटील, पावसायात त तुमी म्हनत होते, पोरगी आजारी हाय, कशीबी पदरात घ्या. आता हे त दोन मानसाचं काम करन. ते आजारपन कुठं गेलं?"

"आमी औशिदपानी केलं ना," मोठे बाबा म्हणाले. "बिनबापाची पोर. लय खस्ता खाल्ल्या आमी हिच्यासाठी. वाचवली."

माझ्या हातात तांब्या होता तो मी खाली ठेवला, नाहीतर फेकला असता.

"औशिद कोनतं?" मी म्हटलं.

"तू आत जाय."

"नाव सांगा ना, मोठेबाबा. कोनतं औशिद देलं मले? काढा होता का गोई होती? कोन्या वैद्याची? गोया त शेनात गेल्या. तुमी त इळा लाल केला होता." मग मी त्या बाईकडे वळले. "बाई, मी बरी हाय. मले ताप नाई, पानथरी नाई. तुमच्या भावात काय वाईट हाय ते मले मालूम नाई, न मी बोलत नाई. पन मी बरी झाली त तुमच्या घरी धाडनार नाई, अशी शर्त हाय. मोठेबाबानं मंजूर केली हाय."

"खोटं बोलते," मोठे बाबा म्हणाले. अगदी सहज म्हणाले, पाणी मागावं तसं.

"मुरलीदादा!" मी ओरडले. "तू हितंच बसला होता ना? सांग ना!"

मुरलीदादानं वर छताकडे पाहिलं. आढ्याला जणू काही नवीन लटकलं होतं.

त्या बाईनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "उठा हो. या लोकायचं आपसात अगुदर ठरू द्या." जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. "काय खात होती वं तू?"

"भाकरी," मी म्हटलं. "आन गोया. आन राग."

ती हसली की नाही ते सांगता येणार नाही. नथीमुळे कळलं नाही. चहा तसाच राहिला.

पाहुणे वेशीबाहेर गेले नसतील तोच मोठ्या बाबांनी मायला सांगितलं की या घरची चूल आजपासून तुम्हा दोघींसाठी बंद. मायनं वाद घातला नाही. तिनं आपली दोन लुगडी बांधली, पीठ बांधलं, आणि आम्ही इचोड्याला तिच्या मावसबहिणीकडे निघालो, पायी. तेवढं चालायचं बळ दोघींत होतं. तिथे मी आधी रस्त्याकडेला भाकऱ्या विकल्या, मग मिरची, मग धान्याचं दुकान टाकलं. मोठ्या बाबांनी इकडे सगळ्या सोयऱ्यांत सांगून ठेवलं की पोरीला पानथरी आहे, डोक्यावरही परिणाम झालाय. बैल विकला गेला नाही म्हणून त्याला खोड आहे असं सांगावं, तसं. कितीतरी वर्षं मला स्थळ आलं नाही. पुढे ज्यानं मला केलं त्यानं मला पोती उचलताना पाहिलं होतं, त्याला कुणी काय सांगितलं याची गरज पडली नाही.

मोठे बाबा गेले. मोठी माय गेली. माझी माय म्हातारी होऊन, शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं भाकरी थापून गेली. मी हे सोडूनही दिलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात आदिलाबादला घरातल्या एका लग्नात मुरलीदादानं माईक हातात घेतला. फेटा बांधलेला, मोठा माणूस झालेला. सगळ्या सोयऱ्यांसमोर माझ्याकडे हात करून तो म्हणाला, "ही आमची शेवंता. लहानपणी मरायला टेकली होती. आमच्या बाबांनी औषधपाणी करून हिला वाचवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नातवंडांनी वाजवल्या.

मी त्याच्याकडे जायला उठले तोवर तो जेवायला बसला होता, आणि जेवणाऱ्याला उठवायचं नाही म्हणून मी थांबले. नंतर फोन केला तर त्याचा मुलगा म्हणतो, बाबांना बरं नसतं, त्यांना बोलायला लावू नका. माईकवर बोलवत होतं.

मुरलीदादा, तुझ्या बापाला मी विचारू शकत नाही, म्हणून तुला विचारते. शर्त ठरली तेव्हा त्या ओसरीवर जेवढी माणसं होती त्यांतला तू एकटा उरला आहेस आणि मी. तू ऐकलं होतंस. मंजूर म्हटलं होतं की नव्हतं? औषध दिलं होतं की विळा तापवला होता? मी येत्या सोमवारी सकाळच्या बसनं आदिलाबादला येते आहे. तुझी मुलं, सुना, नातवंडं सगळी घरी ठेव, आणि ज्या तोंडानं तू माईकवर बोललास त्याच तोंडानं त्यांच्यासमोर मला उत्तर दे.